सफारीचा कौल

"काय सांगल्यान देवान?" किशोरीने आरशाकडे बघतच विचारलं.

सदानंद दारात चपला काढत होता, तो तसाच एक चप्पल हातात धरून थांबला. देवळापासून घरापर्यंत काय बोलायचं ते त्याने मनात नीट जुळवून आणलं होतं. यंदा नको, लेकीला, अवनीला सांगूया पुढच्या वर्षी बघू, असं काहीतरी. पण समोर त्याची बायको खाकी पँट घालून उभी होती. साठीला टेकलेल्या बाईने जन्मात पहिल्यांदा पँट घातलेली, वर त्याचाच जुना शर्ट, केसांचा अंबाडा, कपाळावर टिकली, गळ्यात मंगळसूत्र. दोन्ही हात खिशात घालून ती आरशातल्या बाईकडे एवढ्या खुशीत बघत होती की सदानंदचे जुळवलेले शब्द उंबऱ्याबाहेरच राहिले.

"हसा नको हां," ती म्हणाली. "अवनी म्हणता, थंय साडी नेसान जीपमधी चढूक जमाचा नाय. कशी दिसतंय?"

"फॉरेस्टातल्या गार्डासारखी."

"शिरा पडो तुमच्या तोंडार! बरी दिसतंस म्हणाक काय जीभ झिजता? ता ऱ्हवांदे. कौल काय दिल्यान ता सांगा."

"उजवो," सदानंद म्हणाला आणि दुसरी चप्पल काढली.

"बघा! मी सांगी होतंय. देव माका जिराफ बघूक नाय म्हणाचो नाय."

झालं. एक शब्द, तोही खोटा. आता खोटं बोलायचंच तर माणसाने सवयीचं तरी असावं. सदानंदला ती सवय कधी लागली नव्हती, कारण त्याच्या धंद्यात खोटं बोललं की माणूस मरतं, आणि तेही दुसरंच. सारं आयुष्य वीज मंडळात लाईनमन म्हणून गेलं. खांबावर चढलेल्याला खालून 'लाईन बंद आसा' म्हणून सांगायचं आणि ती चालू असायची, यापेक्षा मोठं पाप त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या शब्दावर तो स्वतः कधी चढला नाही. आणि आज घरात शिरल्या शिरल्या त्याने बायकोला नेमकं तेच सांगितलं होतं.

देवळात घडलं ते असं. आचऱ्याच्या अलीकडे खाडीला लागून त्यांची वाडी आणि वाडीच्या टोकाला रवळनाथाचं देऊळ. घर बांधायचं, सोयरीक जुळवायची, म्हैस घ्यायची, सगळं आधी रवळनाथाला विचारून. गुरव पाषाणाला ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. गाऱ्हाणं घालायचं, मागणं मागायचं आणि वाट बघायची. उजवा कळा आधी सुटला तर देवाचा होकार, डावा सुटला तर नकार. दाजी गुरवाने त्या दिवशी खणखणीत गाऱ्हाणं घातलं होतं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो झील आपल्या अस्तुरीक घेवन दर्याच्या पल्याड, शिंवा-वाघांच्या मुलखात जाता हा. दोघांकय सुखरूप व्हर आनी दोघांकय सुखरूप हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सदानंदने हात जोडून म्हटलं.

त्याचा शब्द संपतो न संपतो तोच डावा कळा खाली पडला. इतक्या लवकर कधी पडत नाही. माणसं तिष्ठत बसतात, दाजी पुन्हा पुन्हा देवाला विनवतो, तेव्हा कुठे एखादा कळा हलतो. आज देव उत्तर तयार ठेवूनच बसला होता.

"थांब रे सदानंदा," दाजी म्हणाला. "डावो दिल्यान म्हणजे सगळा सोपला असा नाय. काय नडता ता इचारूया. परत कळे लावतंय."

"नको," सदानंद म्हणाला.

"अरे, नको काय? रीत आसा ती."

पण सदानंद उठला होता. मांडीवरची टोपी डोक्यावर ठेवून तो पायऱ्या उतरला, आणि उतरताना पायाखालचा दगड हलल्यासारखा वाटला, तोही आजच.

आता कोणी म्हणेल, एवढा विश्वास होता तर जायचं रद्द करायचं. म्हणणाऱ्याचं काय जातं! किशोरीला नाही म्हणणं सदानंदच्या आयुष्यात इतक्या वेळा झालं होतं की आता त्याच्याच्याने ते होत नव्हतं. तिरुपतीची तिकिटं काढली तर वादळ आलं आणि खांब आडवे झाले. म्हैसूरला निघायच्या दिवशी जामसंड्याकडची लाईन पडली. भावाच्या लग्नालासुद्धा ती एकटीच गेली, कारण हा कुठल्या तरी काजूच्या बागेत तार जोडत होता. तिने कधी कुरकुर केली नाही. वाडीतल्या अंगणवाडीत ती पोरांना चित्रं दाखवायची, हत्तीचा, सिंहाचा, जिराफाचा तक्ता भिंतीला लावायची. एकदा एका पोरीने विचारलं, "बाई, तुमी जिराफ बघितलास?" आणि ही म्हणाली, "होय तर! अगदी जवळसून."

ते तिने सदानंदला सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, "पोरांक फसवलंय हो मी. एकदा खरोखर बघूक होयो."

त्यांची मुलगी अवनी नवऱ्याबरोबर नैरोबीला असते. जावई सुशांत तिथे एका कारखान्यात हिशेब बघतो. दोघांनी मिळून आईबाबांसाठी सगळं ठरवलं. गणपती झाले की निघायचं, आधी लेकीकडे, मग जंगलात तंबूत राहायचं. वाडीत बातमी पसरली तशी शेजारची शर्मिला म्हणाली, "हत्ती बघूक इतक्या लांब कित्याक जातास? दोडामार्गाक जावा. फुकट दिसतत, वर केळीची बागसुदा मोडून देतत." किशोरी पोट धरून हसली. सदानंदही हसला, पण तोंडापुरता.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दाजीने मागितलं होतं 'दोघांकय हाड', दोघांनाही परत आण. देवाने नाही म्हटलं ते दोघांना. म्हणजे एक जण येणार. कोण, ते देवाने सांगितलं नव्हतं, पण सदानंदने आपल्यापुरतं ठरवून टाकलं, तिकडे राहायचं ते आपण. रोज आंघोळीनंतर देव्हाऱ्यापुढे तो हळूच पुटपुटायचा, "व्हरूचा आसात तर माका व्हर. तिका घराक धाड." आणि एकदा हे ठरल्यावर पुढचं काम लाईनमनच्या पद्धतीने स्पष्ट झालं. किशोरी कुडाळच्या पलीकडे एकटी फारशी गेलेली नव्हती. ती आफ्रिकेतून एकटी परत येऊ शकली पाहिजे.

सोमवारी मात्र त्याचा जीव टांगणीला लागला. देवाने होकार दिला की घरच्या बाईने नारळ द्यायचा, ही रीत तो साफ विसरला होता. तो मागीलदारी आंघोळीला गेलेला असताना किशोरी नारळ घेऊन देवळात गेलीसुद्धा. दाजी भेटणार, दाजी बोलणार! सदानंद पडवीत फेऱ्या घालत राहिला. ती आली ती उशिरा. तोंड उन्हाने लाल झालेलं.

"दाजी होतो?" त्याने विचारलं.

"नव्हतो. तेच्या झिलान नारळ फोडल्यान," ती म्हणाली आणि आत गेली.

सदानंदने सुटकेचा श्वास सोडला. देवालाच दया आली, असं त्याला वाटलं.

मग तयारी सुरू झाली. अवनी फोनवर दिसायची आणि सूचना द्यायची. बॅगा कापडी, मऊ हव्यात, चाकांच्या टणक बॅगा त्या छोट्या विमानात घेत नाहीत. प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत, तिथे बंदी आहे. निळे आणि काळे कपडे नकोत, त्या रंगांवर चावणाऱ्या माश्या येतात. किशोरीची आवडती गर्द निळी साडी कपाटात परत गेली.

"आनी आई, तुमचा दोघांचा वजन कळव. विमान लहान आसा, माणसांचापण वजन विचारतत."

"अगे बाय, काजूच्या पोत्यांसारखे जोखतले काय आमका?" किशोरीला पुन्हा हसू फुटलं.

"आनी जीपमधसून खाली उतरूचा नाय. काळोख पडल्यार तंबूच्या भायर एकट्यान जावचा नाय, राखणदार बोलवायचो. पाणघोडो दिसता गरीब, पण सगळ्यात वायट."

"कोण आजारी पडलो तर?" सदानंद मधेच म्हणाला.

"डॉक्टर विमानान येतत, बाबा. तेची सोय केली हा."

"आनी परत हाडूचा कसा?"

अवनी फोनच्या जवळ आली. "कोणाक परत हाडूचा, बाबा?"

"सामान गो," सदानंद म्हणाला. किशोरीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग फोन स्वतःकडे वळवून जावयाला काय आवडतं ते विचारायला लागली. कोकम, कुळथाचं पीठ की काजू.

संध्याकाळी पडवीत विमानतळ भरायचा. सदानंद टेबलामागे अधिकारी होऊन बसायचा, किशोरी पासपोर्ट घेऊन समोर उभी राहायची. सुरुवातीला तिला ही गंमतच वाटली.

"आर यू अलोन?" तो दरडावून विचारायचा.

"नो. माय घोव..."

"घोव नाय. यस म्हण. आय ॲम अलोन. गोइंग होम."

"तुमी खंय गेल्यात?"

"माका काय म्हायत! लघवीक गेलंय समज."

"मगे मी थांबतलंय. घोवाक सोडून विमानात चढूची रीत आमच्यात नाय."

"थांबाचा नाय!" सदानंद एकदम ओरडला, इतका की शर्मिलाचं कुत्रं भुंकायला लागलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "थांबाचा नाय गो. सरळ जावचा. कागद तुझे तुझ्याकडे, गोळये तुझे तुझ्याकडे, चावी तुझ्याकडे. मुंबईत उतरलंस की गोव्याचा, मोप्याचा विमान. मोप्याक उतरलंस की गाडयेवाल्याक फोन. म्हण बघू परत."

किशोरीने परत म्हणून दाखवलं. त्यानंतर ती या खेळात हसली नाही, पण एकही संध्याकाळ तिने चुकवली नाही.

आणि तिच्या डोक्यात तरी त्याच दिवसांत काय शिरलं होतं कोण जाणे. चाळीस वर्षं ज्या माणसाला तिने चुलीपाशी फिरकू दिलं नाही, त्याला आता ती सकाळी सकाळी हाक मारायची. "येवा हंय. पेज घालूक शिका." सदानंदला आधीच हजार विवंचना, त्यात हे. सफारीला जायच्या तयारीत पेज कशाला? पण ती ऐकेना. उकडे तांदूळ पत्र्याच्या डब्यात, मीठ बरणीत, मेथांबा फडताळात खालच्या कप्प्यात. एक वाटी तांदूळ घ्यायचे, वाटीवर तळहात फिरवून सपाट करायचे, दोनदा धुवायचे, पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत.

"इतक्याशा पाण्यान पेज नाय, खळ होतली," ती डाफरायची. "आनी गॅस कोण बंद करतलो? लाईनमन म्हणे! जळान मराश्यात एक दिवस."

"तू आसस मगे मी कित्याक शिकाचा?"

"माझे हात दुखतत आताशे," ती म्हणायची, आणि पुन्हा वाटी त्याच्या हातात द्यायची.

लस घ्यायला दोघं गोव्यात वास्कोला गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती, बोलायला गोड. "काका, तुमचं वय साठीच्या वर आहे. या लसीचा अशा वयात क्वचित त्रास होतो, म्हणून आधीच सांगते. घ्यायची ना?"

"मला द्या," सदानंद म्हणाला. तिथे तो शुद्ध बोलला. "पण हिला द्यायलाच पाहिजे का?"

"जायचं असेल तर दोघांनाही. नाहीतर परत येताना विमानतळावर अडवून ठेवतात."

परत येताना. बाईंनी सहज म्हटलं, पण सदानंदला तेवढंच ऐकू आलं. किशोरीने शर्टाची बाही वर केली आणि दंड पुढे केला. सुई टोचताना ती सदानंदकडेच बघत होती.

चार-पाच दिवसांनी त्याला ताप भरला. चांगला सणसणून, अंग लाकडासारखं झालं. आणि आता हे ऐकून कोणाला वेडेपणा वाटेल, पण त्या तापात सदानंदला बरं वाटलं. आला तो आपल्यावर आला! इथेच, घरच्या खाटेवर सुटका झाली तर किशोरीला एवढा लांबचा एकटीचा प्रवासही नको. दुपारी गुंगीतून डोळे उघडले तेव्हा ती उशाशी बसली होती. कपाळावरची पट्टी वाळून गेली होती, ती बदलायचं भान तिला नव्हतं. ती नुसती त्याच्याकडे बघत होती, पापणी न हलवता, भरतीचं पाणी कुठवर आलं ते बघावं तसं.

"काय गो?"

"काय नाय. ताप उतारता हा." तिने पट्टी पाण्यात बुडवली. "तुमी पडा नको हां आता. असा करा नको."

ताप उतरला. सदानंद उठून हिंडू लागला, आणि बरं वाटण्याऐवजी त्याला उलट धास्ती बसली. मग आता कोण? किशोरी विहिरीवर वाकली की त्याचा जीव वरखाली व्हायचा. ती ओल्या लादीवरून चालली की हा ओरडायचा. हिवतापाच्या गोळ्या त्याने दोन वेगळ्या पिशव्यांत भरल्या होत्या, त्या पुन्हा पुन्हा बाहेर काढून बघायचा. चतुर्थी आली. गणपती पाण्यात सोडताना सगळी वाडी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून ओरडली. सदानंद गुडघाभर पाण्यात उभा होता, त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. काठावर किशोरी उभी होती. तीही गप्प होती, पण सदानंदने ते मनावर घेतलं नाही. तिचा घसा बसला असेल, असं त्याला वाटलं.

निघायचा दिवस उजाडला. गाडी दुपारी जेवणानंतर येणार होती. मोप्यावरून मुंबई, मुंबईहून पुढे. दोन मऊ कापडी बॅगा पडवीत तयार होत्या, एकीवर लाल दोरी, दुसरीवर पिवळी. सदानंदने किशोरीच्या बॅगेत तिचे कागद, तिच्या गोळ्या, तिचा चार्जर, घराची एक चावी असं सगळं घातलं होतं. आपल्या बॅगेत त्याने फारसं काही भरलं नव्हतं. त्याने विहिरीच्या पंपाचा फ्यूज काढला, मेन स्विच खाली केला, गोठ्याची कडी लावली. मांजराला शर्मिलाच्या हवाली केलं.

किशोरी खाकी पँटमध्ये, केसात अबोलीचा वळेसर माळून स्वयंपाकघरात उभी होती. गार्डाने केसात अबोली माळली तर कसा दिसेल, तशी. सदानंदला तिला चिडवायचं होतं. पण आज शेवटचं काय बोललो ते लक्षात राहील, या भीतीने तो काहीच बोलला नाही.

"हंय येवा," ती म्हणाली. "तांदूळ काढून ठेवा."

ही तिच्या माहेरची रीत. घर बंद करून लांब जाताना चुलीवर रिकामं भांडं ठेवायचं नाही. परत आल्यावरची पहिली पेज जेवढ्यांची, तेवढे तांदूळ मोजून टोपात झाकून ठेवायचे. आलेल्या माणसाला शोधाशोध नको आणि घरालाही माणूस येणार हे ठाऊक असावं.

सदानंदने पत्र्याचा डबा उघडला. आता हात सरावला होता. एक वाटी घेतली, तळहात फिरवून सपाट केली, टोपात ओतली. डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"आनी एक," किशोरी म्हणाली.

तो झाकण हातात धरून थांबला.

"दोन घाला. आमी दोघां आसव ना?"

सदानंद टोपातल्या तांदळाकडे बघत राहिला. बुड जेमतेम झाकलं होतं. इतके दिवस रोज सकाळी हिने शिकवलं, डाफरली, बोटाची पेरं दाखवली, आणि रोज एकच वाटी. एका माणसाची पेज. नवरा-बायकोच्या घरात एका माणसाची पेज कशाला शिकायची, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. लाईनमन म्हणे!

"किशोरी," तो म्हणाला. "त्या सोमवारी दाजी होतो?"

"होतो."

"मगे बोललंस नाय?"

"तुमी तरी खंय बोललास?" तिने फडताळाचं दार उगाच उघडलं आणि लावलं. "दाजी म्हणा होतो, परत कळे लावतंय. मी नको म्हटलंय. परत डावो पडलो आसतो तर तुमी माका व्हरलास नसतास. तुमची एकेक तिकिटां फुकट जाताना बघीत इलंय मी जन्मभर."

"तुका भय नाय वाटला?"

"वाटला तर! म्हणान तुमका चुलीकडे घेतलंय. मी थंयच ऱ्हवलंय तर तुमी हंय उपाशी मराश्यात. साधो च्यासुदा करूक येणा नाय." तिने पदर डोळ्याला लावायला हात वर नेला, पदर नव्हता, तर शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "आनी तुमी माका कागद दाखवूक शिकवलास. आय ॲम अलोन म्हणे! कायव शिकवतत."

सदानंदला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही. त्याला एवढंच म्हणता आलं, "जाऊया नको गो. अजून गाडी येवक नाय."

"जिराफ?"

"चित्रात बघ."

"चित्रात बघितलंय मी पुष्कळ," किशोरी म्हणाली. "भरा ती वाटी."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शर्मिलाचं कुत्रं भुंकलं. सदानंदने वाटी डब्यात घातली आणि काठोकाठ भरून काढली. ती सपाट करायला तळहात फिरवला, तसे थोडे तांदूळ जमिनीवर सांडले. उरलेली वाटी त्याने टोपात ओतली.

किशोरी खाली बसली. पँटमध्ये तिला बसणं सोपं जात होतं. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, तिने "इलंव रे!" म्हणून तिथूनच हाक दिली, आणि सांडलेले दाणे एकेक वेचून टोपात टाकले.